बाटलीवरचे नाव आणि बाटलीतला पदार्थ : खान्देशातील संशोधन मार्गदर्शकांना खुले पत्र

प्रति,
प्राचार्य, विभागप्रमुख आणि पीएच.डी. मार्गदर्शक,
औषधनिर्माणशास्त्र, रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभाग,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व महाविद्यालये.

सप्रेम नमस्कार.

या पत्रात माझी मागणी एकच आहे, म्हणून ती आधीच मांडतो. ज्या संयुगाच्या किंवा अर्काच्या जैविक चाचणीचे आकडे प्रबंधात छापले जातात, तो पदार्थ तयार झाल्यापासून चाचणीच्या दिवसापर्यंत कुठे, कशात, किती तापमानाला आणि किती काळ ठेवला होता याची नोंद, तसेच चाचणीच्या वेळी तो शुद्ध होता याचा पुरावा, आपण प्रबंधात अनिवार्य करावा. आज आपल्याकडच्या बहुतेक प्रबंधांत संयुग कसे बनवले याचे सविस्तर वर्णन असते, उत्पादनाचे प्रमाण, द्रवणांक, तसेच रेणूची रचना ओळखणाऱ्या आयआर आणि एनएमआर या तपासण्यांच्या नोंदी असतात, आणि त्यानंतरच्या प्रकरणात थेट जीवाणूंवरील किंवा कर्कपेशींवरील परिणामांचा तक्ता येतो. या दोन प्रकरणांच्या मध्ये अनेकदा कित्येक महिने गेलेले असतात. कधी एक उन्हाळा, कधी एक पावसाळा त्या बाटलीवरून गेलेला असतो, आणि त्याबद्दल प्रबंधात एक ओळही नसते.

माझी नोकरी औषध कंपन्यांच्या स्थिरता चाचणी विभागांत गेली. निवृत्तीनंतर मी जळगाव जिल्ह्यात राहतो आणि विद्यार्थी बोलावतात तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळांत जातो. त्यांची मेहनत मी जवळून पाहतो. अपुऱ्या साधनांत, विजेच्या लपंडावात, स्वतःच्या खिशातून द्रावके विकत आणून ही मुले-मुली काम करतात. त्यांच्या कामाचे मोल बाटलीच्या झाकणापाशी गळून जाऊ नये, एवढ्यासाठीच हे पत्र.

तयार औषध किती टिकेल हे लवकर कळावे म्हणून कंपन्या त्याचे नमुने मुद्दाम ४० अंश सेल्सिअस तापमान आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या बंद कक्षात सहा महिने ठेवतात. पदार्थाला घाईने म्हातारा करण्याची ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे. आता आपल्या भागाकडे पाहावे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीतल्या कपाटात वीज गेलेल्या दुपारी काय तापमान असते हे तिथे काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. जुलै उजाडला की तीच खोली दमट होते. म्हणजे कंपन्या जी परीक्षा ठरवून घेतात, तिच्यासारखीच परीक्षा आपल्या कपाटातली संयुगे न ठरवता देत असतात. फरक एवढाच की कंपनीत तिचा निकाल मोजला जातो. तापमान आणि अभिक्रियेचा वेग यांचे नाते सांगणाऱ्या आर्हेनियसच्या समीकरणातून निघालेला ढोबळ अंदाज असा आहे की तापमान १० अंशांनी वाढले की अनेक रासायनिक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. पुस्तकात ज्याला ‘खोलीचे तापमान’ म्हटले आहे ते २५ अंशांचे असते. आपल्याकडे एप्रिल ते जूनमध्ये ते २५ नसते, हे आपण मुलांना स्पष्ट सांगायला हवे.

उष्णतेने पदार्थ नुसता कमी होतो असे नाही, त्यातून नवे आणि कधी घातक असे काही तयारही होते. रॅनिटिडिनचे उदाहरण अलीकडचे आहे. आम्लपित्तावर घराघरांत घेतल्या जाणाऱ्या या औषधात २०१९ मध्ये एनडीएमए हे संभाव्य कर्ककारक द्रव्य आढळले, आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सर्व रॅनिटिडिन बाजारातून काढून घ्यायला सांगितले. तपासणीत असे दिसले होते की ही अशुद्धी साठवणीच्या काळात वाढत जाते आणि नेहमीपेक्षा जास्त उष्णतेत अधिकच वाढते. दशकानुदशके वापरात असलेल्या, गोळीच्या रूपात बांधलेल्या आणि वेष्टनात बंद केलेल्या औषधाची ही गत झाली, तर काल-परवा बनलेल्या, ज्याच्या स्वभावाची कुणालाच माहिती नाही अशा संयुगाबद्दल आपण किती सावध असले पाहिजे!

आता द्रावणांकडे येतो, कारण माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान तिथे होते. चाचणीसाठी संयुग बहुधा डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळवतात. मोठ्या औषध कंपन्यांच्या संग्रहांतही १० मिलिमोलर तीव्रतेची अशी द्रावणे ठेवण्याची पद्धत आहे. डीएमएसओ पुष्कळ पदार्थ विरघळवतो, पण तो हवेतली वाफ वेगाने शोषतो. पावसाळ्यात झाकण उघडे ठेवून मुलगा शेजारच्या टेबलावरची पिपेट आणायला गेला, तरी तेवढ्यात पाणी आत जायला सुरुवात झालेली असते. पाणी गेले की पाण्यात न विरघळणारी संयुगे बारीक कणांच्या रूपात खाली बसतात, आणि वरचा द्रव घेऊन केलेल्या चाचणीत लिहिलेल्या मात्रेपेक्षा कमी मात्रा जाते. ज्या संयुगांचे पाण्याने विघटन होते, ती विरघळलेल्या अवस्थेतच बदलतात. शुद्ध डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतो. त्यामुळे साध्या फ्रीजमध्ये ठेवलेले द्रावण गोठते, बाहेर काढले की वितळते, परत ठेवले की पुन्हा गोठते, आणि अशा प्रत्येक फेरीत संयुग खाली बसण्याची आणि बाहेरचे पाणी आत येण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे तर डिसेंबर-जानेवारीत धुळ्याच्या थंडीत टेबलावर राहिलेली बाटलीही रात्री गोठून दुपारी वितळते, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. उलट, फ्रीजमध्ये चार अंशांना ठेवलेले डीएमएसओचे द्रावण गोठतच नसेल, तर ते चांगले टिकले आहे असे समजू नये. त्यात बरेच पाणी शिरल्याची ती खूण असू शकते. यावरचा उपाय साधा आहे. द्रावण एकाच मोठ्या बाटलीत न ठेवता एका चाचणीला पुरेल एवढ्या लहान कुप्यांत वाटून गोठवावे, आणि एकदा वितळलेली कुपी परत ठेवू नये.

गोठवलेली कुपी बाहेर काढल्याबरोबर उघडणे ही आणखी एक सवय मोडायला हवी. थंड काचेवर आणि उघडल्यावर आतल्या पुडीवरही दव जमते. कुपी बंद अवस्थेतच डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणारे द्रव्य असलेल्या बंद भांड्यात, ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच झाकण काढावे. तसेच ज्या फ्रीजरमध्ये बर्फ आपोआप वितळवण्याची सोय असते, त्यात ती सोय चालवण्यासाठी ठराविक काळाने आतला भाग थोडा तापवला जातो. घरातल्या भाजीसाठी ती सोय चांगली आहे, पण नाजूक संयुगांसाठी असा फ्रीजर घेऊ नये. खरेदीच्या मागणीपत्रावर सही करताना विभागप्रमुखांनी एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल.

द्रावक स्वतःच संयुगाशी अभिक्रिया करतो, हेही सगळीकडे ध्यानात घेतले जात नाही. सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचे जुने, सिद्ध औषध. कर्कपेशींवरच्या अनेक चाचण्यांत ते तुलनेसाठी घेतात. पण डीएमएसओचा रेणू त्यातील प्लॅटिनमला जोडलेल्या क्लोराइडची जागा घेतो आणि औषधाची परिणामकारकता घटते. तरीही ते डीएमएसओमध्ये विरघळवून वापरलेले कितीतरी शोधनिबंध प्रसिद्ध झालेले आहेत, आणि २०१४ मध्ये संशोधकांनी ही बाब ठळकपणे मांडून तसे न करण्याचे आवाहन केले. आपल्या विद्यार्थ्याने बनवलेले धातुसंयुग अशा बिघडलेल्या सिस्प्लॅटिनच्या शेजारी ठेवले, तर ते ‘प्रमाणित औषधापेक्षा प्रभावी’ दिसणारच.

हाच मुद्दा मला सर्वांत कळकळीने मांडायचा आहे. साठवणीतल्या दोषामुळे आकडे थोडे इकडे-तिकडे होतात आणि सरासरीत ते मिटून जातात, असा एक समज आहे. तो बरोबर नाही, कारण हा दोष अनेकदा एकाच बाजूला झुकतो. आपल्या महाविद्यालयांत सर्रास होणारी, पदार्थाची ऑक्सिडीकरण रोखण्याची क्षमता मोजणारी डीपीपीएचची चाचणी उदाहरण म्हणून घ्यावी. जांभळे द्रावण किती फिके पडते हे ५१७ नॅनोमीटरला मोजतात आणि तुलनेला ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) घेतात. ॲस्कॉर्बिक आम्लाचे पाण्यातले द्रावण हवेत ऑक्सिडीकरण होऊन कमी-कमी होत जाते, आणि तांब्या-लोखंडाचा अंश असला तर आणखी वेगाने. सकाळी केलेले द्रावण संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी वापरले, तर प्रमाणित पदार्थ अशक्त दिसतो आणि आपला अर्क त्याच्या बरोबरीचा वाटू लागतो. डीपीपीएचचे द्रावण उजेडात राहिले तर ते आपण होऊन फिके पडते, आणि त्याचे श्रेय अर्काला मिळते. जीवाणूंच्या चाचणीतही तेच. ॲम्पिसिलिन या प्रतिजैविकाच्या चकत्या दमट, गरम जागी राहिल्या की त्याच्या रेणूतला, गुण देणारा बीटा-लॅक्टम वलय उघडतो, चकत्यांभोवतीचे रोधक्षेत्र (जिथे जीवाणू वाढत नाहीत ते वर्तुळ) लहान होते, आणि नवे संयुग ‘ॲम्पिसिलिनच्या तोडीचे’ ठरते. इथे कुणी लबाडी केलेली नसते. मुलाने प्रामाणिकपणे जे दिसले तेच लिहिलेले असते, आणि तरीही निष्कर्ष खोटा असतो. याच्या उलट बाजूला, खरोखर चांगले संयुग कपाटात मेले आणि चाचणीत निष्प्रभ ठरले, तर ते कायमचे टाकून दिले जाते. त्याची तर चुकीत गणनाही होत नाही.

रावेर-यावलचा केळी उत्पादक घड कापल्यापासून गाडीत भरेपर्यंत त्याला ऊन, मार आणि वेळ किती लागू द्यायचा हे जाणतो, कारण पुढे बाजारात भाव त्यावरच ठरतो. संयुग बनवणाऱ्याने ते बनल्यानंतरची काळजी तितक्याच गंभीरपणे घेतली पाहिजे.

वनस्पतींवरच्या कामाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण सातपुडा आपल्या दारात आहे. तोरणमाळ, धडगाव, अक्कलकुवा, यावल या भागांतून विद्यार्थी हिरडा, बेहडा, पळस, मोह आणि इतर कितीतरी वनस्पती गोळा करून आणतात. आदिवासी वैदू ते मूळ कोणत्या महिन्यात काढतात, सावलीत वाळवतात की उन्हात, ओले वापरतात की सुके, हे सगळे त्यांच्या ज्ञानाचाच भाग असते. पण आपल्या टिपणवहीत बहुधा फक्त वनस्पतीचे नाव आणि कोणत्या आजारावर एवढेच उतरते. मग तो पाला गच्चीवर कडक उन्हात वाळतो, पावसाळ्यात गोणीत राहिला तर त्याला बुरशी लागते, आणि बुरशीची स्वतःची विषेही अर्कात येतात. त्यानंतर पूड सॉक्सलेट या अर्क काढण्याच्या उपकरणात जाते, जिथे उतरलेला अर्क खालच्या फ्लास्कमध्ये तासन्‌तास उकळत राहतो. चीनच्या शास्त्रज्ञ तू योयो यांच्या संशोधनाची आठवण मला इथे नेहमी होते. आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीच्या अर्काचे निष्कर्ष कधी चांगले, कधी वाईट येत होते. जुन्या चिनी ग्रंथात ती वनस्पती उकळण्याऐवजी पाण्यात भिजवून पिळण्यास सांगितले आहे, त्यावरून उष्णतेनेच गुण जात असावा हे त्यांनी ओळखले, कमी तापमानाला उकळणारा इथर वापरला, आणि १९७१ मध्ये हिवतापाच्या परजीवींवर पूर्ण परिणाम करणारा अर्क मिळवला. त्यातील आर्टेमिसिनिन या औषधी घटकाबद्दल त्यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पती तीच होती. फरक होता हाताळणीचा. सातपुड्यातल्या किती अर्कांवर ‘निष्प्रभ’ असा शिक्का केवळ उकळण्यामुळे बसला असेल, हे आपण कधी तपासलेलेच नाही.

हळदीतील कुरकुमीन तर प्रत्येक विभागात असते. ते प्रकाशाने फुटते, आणि शरीराच्या तापमानाला, पीएच ७.२ च्या साध्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) त्याचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो, असे १९९७ मध्येच दाखवले गेले आहे. म्हणजे २४ तासांच्या पेशीचाचणीत कुरकुमीन म्हणून आपण जे मोजतो, त्यात त्याच्या विघटनातून निघालेल्या पदार्थांचाच वाटा मोठा असू शकतो. आम्लगट असलेली संयुगे मिथेनॉलमध्ये दीर्घकाळ ठेवली की त्यांचे मिथाइल एस्टर होऊ शकतात, आणि मग तो ‘वनस्पतीतून प्रथमच वेगळा केलेला घटक’ म्हणून नोंदवला जाण्याचा धोका असतो, जेव्हा प्रत्यक्षात तो बाटलीतच जन्मलेला असतो. एनएमआरसाठी वापरतात ते ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्म जुने झाले की आम्लधर्मी होते आणि नाजूक संयुग नळीतच बिघडवते.

वजन करतानाचा दोष सोपा पण सार्वत्रिक आहे. ओलावा शोषणाऱ्या पुडीत दहा टक्के पाणी असेल, तर दहा मिलिग्रॅम म्हणून घेतलेल्या वजनात संयुग नऊच मिलिग्रॅम असते. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत केलेले वजन आणि ऑगस्टमधले वजन म्हणून जुळत नाही. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि त्यावर आपल्याकडे संशोधन व्हावे ही माझी मनापासून इच्छा आहे; त्यात तुलनेला लागणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध ओलावा शोषते आणि ओलाव्यात विघटित होते. अशा पदार्थाची बाटली कधी उघडली याची तारीख तिच्यावर लिहिलेली नसेल, तर तिच्यावर बेतलेल्या तुलनेला आधार उरत नाही.

विकत आणलेला पदार्थ निर्धोक असतो हाही भ्रम सोडावा. २०१२ मध्ये असे उघड झाले की बोसुटिनिब या कर्करोगविरोधी औषधाच्या नावाने काही पुरवठादारांनी त्याचा समघटक विकला होता. क्लोरीनचे अणू आणि मिथॉक्सी गट वलयावर वेगळ्या जागी होते. दोहोंचे रेणुवस्तुमान एकच, त्यामुळे केवळ वस्तुमान मापनाने ते कळले नसते. एनएमआर काळजीपूर्वक पाहावा लागला. त्याआधी २००८ मध्ये प्रयोगशाळेतल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून झिरपणारी द्रव्ये स्वतःच प्रथिनांवर परिणाम घडवतात, असेही दाखवले गेले. म्हणून प्रत्येक चाचणीत संयुगाविना, पण त्याच नळीत आणि तितकाच वेळ ठेवलेले कोरे द्रावक सोबत तपासणे आवश्यक आहे.

आपल्याकडून मला अपेक्षित काय, ते आता नेमके सांगतो. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर करतानाच मार्गदर्शकाने विद्यार्थ्याकडून प्रत्येक संयुगासाठी एक इतिहासपत्रक सुरू करून घ्यावे: केव्हा तयार झाले किंवा आले, कुरिअरने आले असेल तर प्रवासाला किती दिवस लागले आणि पाकीट कोणत्या अवस्थेत मिळाले, कोणत्या बाटलीत, उजेडात की अंधारात, कोणत्या तापमानाला, किती वेळा उघडले, किती वेळा वितळले, वीज किती तास नव्हती. चाचणीसाठी नमुना मुंबई-पुण्याला पाठवायचा असेल, तर त्यातला एक भाग इथेच राखून ठेवावा आणि चाचणीच्या आठवड्यात दोन्हीकडचे तपासून पाहावेत. चाचणीच्या दिवशी किमान टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करून दाखवणारी साधी तपासणी) करावी आणि पहिल्या दिवसाच्या नमुन्याशेजारी तिचा फोटो प्रबंधात लावावा. जिथे एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) आहे तिथे शुद्धतेचा आकडा द्यावा. औषधी रसायनशास्त्राच्या चांगल्या नियतकालिकांत मुख्य संयुगांसाठी किमान ९५ टक्के शुद्धतेची अट असते, आणि ती चाचणी झालेल्या नमुन्यालाच लागू आहे असे आपण मानले पाहिजे. बहिःस्थ परीक्षक म्हणून आपण एकमेकांच्या विद्यार्थ्यांचा व्हायवा घेता. तिथे द्रवणांकाइतक्याच सहजतेने या पत्रकाची मागणी व्हावी.

याचा खर्च फार नाही. रंगीत काचेच्या कुप्या, ॲल्युमिनियमचा कागद, रंग बदलणारे सिलिका जेल आणि कमाल-किमान तापमान दाखवणारा तापमापक प्रत्येक कपाटात व फ्रीजमध्ये ठेवला, तर निम्मे काम होते. सिलिका जेलचा रंग बदलला की ते भट्टीत तापवून पुन्हा वापरता येते. कित्येक डेसिकेटरांत ते कधीच बदललेले नसते, हे कृपया आजच उठून पाहावे. मोठा खर्च एकाच गोष्टीचा आहे आणि तो एकट्या महाविद्यालयाला झेपणारा नाही: उणे २० अंशांचे फ्रीजर, कोरडी खोली आणि वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारे जनित्र असलेले, तिन्ही जिल्ह्यांसाठी मिळून एक सामायिक संयुग भांडार. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या छताखाली तिन्ही जिल्ह्यांचा भाग १९९० पासून एकत्र आहे, तेव्हा असे भांडार मागायला कुठे जायचे हा प्रश्न पडू नये. गेल्या कित्येक वर्षांत आपल्या विद्यार्थ्यांनी बनवलेली शेकडो संयुगे पदवी मिळाल्यावर कपाटातच पडून राहतात आणि शेवटी टाकून दिली जातात. ती नीट जपली, तर उद्या एखाद्या नव्या रोगावर चाचणी घेताना ती पुन्हा हाताशी असतील. हा प्रस्ताव आपण सर्वांनी सह्या करून अभ्यास मंडळांपुढे ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

पहिली पायरी म्हणून प्रत्येक विभागाने येत्या मार्च अखेरपर्यंत आपल्या कपाटांत आणि फ्रीजमध्ये तापमापक ठेवून एप्रिल ते जूनच्या नोंदी घ्याव्यात, आणि जुलैमध्ये त्या एकमेकांसमोर मांडाव्यात. इतिहासपत्रकाचा नमुना तयार करून देण्यासाठी आणि विद्यार्थ्यांना कुप्या भरणे, वितळवणे, तपासणे हे हाताने करून दाखवण्यासाठी कोणत्याही महाविद्यालयाने मला बोलवावे. मी विनामूल्य येईन.

आपला नम्र,
जळगाव जिल्ह्यातील एक निवृत्त विश्लेषण-रसायनज्ञ